खूण जुळते, पण इंजिनात दम नाही

प्रश्न : कारचं चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं इंजिन मी स्वतः खोललं. बोअर करून नवे पिस्टन, रिंगा, टायमिंग बेल्ट घातला. सुरू होतं, पण पिकअप नाही. टायमिंग लाइटने (स्पार्कची वेळ दाखवणारा दिवा) खूण बरोबर 10 अंशांवर आणली. त्यासाठी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) खाचेच्या पार टोकाला न्यावा लागला. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चारही सिलिंडरना 100 पौंडांच्या आसपास, मॅन्युअलमध्ये 170 आहे. रिंगा बसल्या नसतील का?

उत्तर : रिंगा न बसल्याने आकडे सहसा वरखाली दिसतात. तुमचे चारही सारखेच पडलेत. आणि डिस्ट्रिब्युटर टोकाला न्यावा लागला, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत; मी तिथेच थांबलो.

डिस्ट्रिब्युटर फिरतो कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर. कॅम एक दात मागे राहिला की स्पार्कही मागे. तो तुम्ही डिस्ट्रिब्युटर फिरवून ओढून आणलात, व्हॉल्व्ह मात्र होते तिथेच. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) गिअरला 20 आणि कॅमच्या गिअरला 40 दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) तेवढा उशिरा मिटतो आणि वर येणारा पिस्टन घेतलेली हवा परत बाहेर ढकलतो. टायमिंग लाइटला यातलं काही दिसत नाही.

आधी टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप तपासा. घट्ट टॅपेटनेही कॉम्प्रेशन पडतं. मग प्लग काढून, पाना लावून इंजिन हाताने फिरवा आणि एक नंबर सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा. आता बघायचं चार नंबरच्या व्हॉल्व्हकडे. तिथे एक्झॉस्ट मिटत आलेला आणि इनटेक नुकताच दबू लागलेला हवा. एक्झॉस्ट अजून चांगला दबलेला आणि इनटेकचा टॅपेट बोटाने हलतोय, तर कॅम मागे आहे.

मीही हे केलंय. खुणा जुळवल्या, पण बेल्टचा ढिला भाग टेन्शनरच्या (बेल्ट ताणणाऱ्या चाकाच्या) बाजूला घ्यायचा सोडून ओढणाऱ्या बाजूला राहिला. इंजिन फिरलं, टेन्शनरने ढील खाल्ली, कॅम मागे राहिला. दोन दिवस कार्बोरेटर धूत बसलो होतो!

म्हणून बेल्ट खुणांवर परत बसवून टेन्शनर आवळल्यावर हाताने पूर्ण दोन फेरे द्या, खुणा परत बघा. कुठे टणक अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. आणि स्टार्टर मारण्याआधी डिस्ट्रिब्युटर खाचेच्या मध्यावर आणा. आत्ता आहे तिथेच ठेवलात तर स्पार्क 18 अंश आणखी आधी पडेल आणि इंजिन उलटा झटका देईल.