बांध फोडून भरतीचं पाणी आत घेतलं की गाळ आपोआप साचतो का?

तुमचा प्रश्न असा की बांध घालून शेतीखाली आणलेली किनाऱ्याची जमीन परत खारी दलदल करायची तर बांध फोडला की काम झालं का, आणि गाळ भरायला किती वर्षं लागतात. मी भरतीच्या पाण्याचं मोजमाप करतो, त्यामुळे सरळ सांगतो, बहुतेक ठिकाणी गाळ येतो हो, घोळ होतो तो ओहोटीला पाणी बाहेर कसं पडतं तिथे, आणि प्लॅनमध्ये नेमकं तेच शेवटच्या पानावर असतं.

बांधाच्या आत वर्षानुवर्षं नवा गाळ येत नाही, जमीन सुकून दबत जाते, बाहेरची दलदल मात्र उधाणागणिक थोडी थोडी वर चढत राहते. म्हणून बांध फोडतो तेव्हा आतला भाग खोलगट असतो. खोलगट असला की पाणी जास्त वेळ उभं राहतं, आणि भरती पूर्ण चढल्यावर पाणी परत फिरायच्या आधी जे जरा थांबतं ना, बारीक गाळ मुख्यतः तेव्हाच बसतो. त्यातही खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात म्हणून, सुटे कण तेवढ्या वेळात तळाला पोचलेच नसते. सुरुवातीला भराभर भरतं, मग जमीन वर आली की ती कमी वेळ बुडते आणि वेग आपोआप मंदावतो. त्यामुळे वर्षांचा एक आकडा कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला आधी विचारा की पाण्यात गाळ किती आहे आणि भरती-ओहोटीत फरक किती. इंग्लंडमध्ये सेव्हर्नच्या मुखाजवळ स्टिअर्टला 2014 मध्ये बांध फोडला, तिथलं पाणी मुळातच गढूळ आणि भरती प्रचंड, तिथे गाळाची चिंताच नाही. स्वच्छ पाण्याच्या, लहान भरतीच्या खाडीत तोच हिशेब लावला तर पिढी जाईल.

आता निचरा. नांगरलेल्या जमिनीत जुने नैसर्गिक ओहोळ बुजलेले असतात, उरतात ते सरळसोट चर, आणि वरचा थर दाबून घट्ट झालेला. त्यावर नवा चिखल बसतो पण खाली पाणी झिरपत नाही, चिखल लिबलिबीत राहतो, मुळांना हवा मिळत नाही आणि उंची अगदी बरोबर असूनही झाडं जगत नाहीत, हे बघून खरंच वाईट वाटतं कारण कागदावर सगळं जमलेलं असतं. इंग्लंडच्याच एसेक्समधल्या टोल्सबरीला 1995 मध्ये बांध फोडला, तिथेही नव्या मऊ गाळात ओहोळ तयार झाले, जुन्या शेताच्या घट्ट थरात मात्र सहज कोरले गेले नाहीत. म्हणून मुख्य ओहोळ बांध फोडण्याआधी, मशीन आत नेता येतं तेव्हाच, वळणं आणि फाटे ठेवून खणून घ्या.

बांध फोडून जी फट ठेवता तिची रुंदी आत येणाऱ्या एकूण पाण्याच्या हिशेबाने ठरवा. अरुंद ठेवली तर तोंडाशी पाणी जोरात घुसून जमीन खरवडतं, आत भरती पूर्ण चढत नाही आणि ओहोटीचं पाणी निघेपर्यंत पुढची भरती येऊन ठेपते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फ्रीस्टन शोअरला 2002 मध्ये तीन ठिकाणी बांध फोडला, तिथे पाण्याने स्वतःच फटी रुंद केल्या आणि बाहेरचे ओहोळ खोल कोरले.

बाहेरून गाळ आणून ओतायचं म्हणाल तर तुमचं पाणी फारच नितळ असेल तरच. डचांनी 2016 च्या सुमारास हार्लिंगन बंदरातून उपसलेला गाळ दलदलीत न टाकता जवळच्या प्रवाहात सोडला, म्हणजे तो पुढे भरतीच नेईल, मला ही पद्धत पटते.

आणि मोजमाप पहिल्या दिवसापासून ठेवा. फेल्डस्पार नावाच्या खनिजाची पांढरी पूड पसरून ठेवली की तिच्यावर किती गाळ बसला ते नंतर कापून दिसतं, पण तेवढं पुरत नाही, कारण वर गाळ बसत असताना खालची माती दबतही असते, त्यासाठी खोल ठोकलेल्या रॉडवरून पृष्ठभागाची उंची मिलिमीटरमध्ये मोजायला लागते. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावरच कळतं की जमीन खरोखर वर येतेय का.