न्यूट्रल मोजायची की नाही, ते लोड बघून ठरवा

तुमचं काम अमेरिकेतल्या ऑफिस इमारतीचं: १२०/२०८ व्होल्ट, एका कंड्युटमध्ये (वायरच्या पाइपात) २० अँपियर सर्किटच्या नऊ फेज वायर, तीन सामाईक न्यूट्रल (परतीच्या वायर) आणि अर्थिंगची वायर. एका कंड्युटमध्ये करंट वाहणाऱ्या वायर जितक्या जास्त, तितकी प्रत्येकीची अँपियर क्षमता कमी धरावी लागते; त्या मोजणीत न्यूट्रल धरायची का, हा तुमचा प्रश्न. तिकडचा डिझाइन तपासणारा चेकर म्हणतो न्यूट्रल मोजा; तुमचे सीनियर म्हणतात, न्यूट्रल कधी कोणी मोजतं का? माझं मत चेकरच्या बाजूने.

सीनियरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एनईसी २०२३ (अमेरिकेचा इलेक्ट्रिकल कोड) मधलं कलम ३१०.१५(ई) सांगतं की त्याच सर्किटमधल्या फेजच्या करंटचा फक्त फरक वाहून नेणारी न्यूट्रल मोजायची नाही. १२०/२४० सिंगल फेजमध्ये एकीकडे १६, दुसरीकडे १२ अँपियर असेल तर न्यूट्रलमध्ये येतात ४. पण साध्या दोन वायरच्या सर्किटमध्ये गेला तेवढाच करंट परत येतो, तिथे ती मोजावीच लागते. थ्री फेज स्टार जोडणीतून (तुमची १२०/२०८ तशीच) दोनच फेज आणि न्यूट्रल घेतली तरीही मोजायची: दोन्हीकडे १६ असतील तर न्यूट्रलमध्येही १६च. ही गोष्ट हमखास सुटते.

तुमच्याकडे तिन्ही फेज आहेत, पण लोड कॉम्प्युटर आणि एलईडी ड्रायव्हरचं. असं लोड तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट, तयार करतं. तो तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी वर चढतो, म्हणून न्यूट्रलमध्ये रद्द न होता त्याची बेरीज होते. लोडचा मोठा भाग असा असेल तर कोड न्यूट्रल मोजायला लावतो. 'मोठा भाग' म्हणजे किती टक्के, हे मात्र कोड लिहीत नाही. ऑफिसला मी वाद घालत बसत नाही, मोजून मोकळा होतो.

आता हिशेब. १२ गेज टीएचएचएन (९० अंश सेल्सिअस सोसणाऱ्या इन्सुलेशनची वायर), कोडच्या तक्त्यात ९० अंशांच्या रकान्यात ३० अँपियर. नऊ वायर धरल्या तर त्याचे ७० टक्केच वापरता येतात, म्हणजे २१. २० चा ब्रेकर चालतो. बारा धरल्या की थेट ५० टक्के, १५ अँपियर. खेळ खल्लास. अर्थिंगची वायर कुठेच मोजत नाहीत.

१० गेज घेतली तर ४० चे निम्मे २०, काठावर बसतं. कंड्युट अजून बसवली नसेल तर दोन करा: एकीत दोन सेट (सेट म्हणजे तीन फेज आणि त्यांची न्यूट्रल; आठ वायर, ७० टक्के), दुसरीत एक (चार, ८० टक्के), १२ गेजच राहते. फक्त त्या जागेचं तापमान विचारून घ्या. तक्ता भोवतालच्या ३० अंश तापमानाचा आहे. ४० ला ०.९१ ने गुणलं की २१ चे १९.१ होतात.