अब्लेशननंतर धडधड आणि कणकण

प्रश्न : माझे वय ५८ आहे. एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारासाठी, तीन आठवड्यांपूर्वी माझे कॅथेटर अब्लेशन झाले (जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आतल्या ठरावीक जागी चटका देतात ते). आता रात्री ठोके चुकल्यासारखे वाटतात, एकदा तर तासभर अनियमित धडधड होत होती. पूर्वी बसल्या जागी ६५ असणारी नाडी हल्ली ८० च्या आसपास असते. कालपासून थोडी कणकणही आहे. उपचार वाया गेला असे समजावे का? जांघेत अजून काळेनिळे दिसते, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी थांबवली तर चालेल का?

उत्तर : आपण धडधडीबद्दल विस्ताराने लिहिले आहे आणि तापाचा केवळ उल्लेख केला आहे, मला मात्र आधी तापाविषयीच बोलायला हवे. हृदयाच्या डाव्या अलिंदाची, म्हणजे डावीकडच्या वरच्या कप्प्याची, मागची भिंत अन्ननलिकेला अगदी लागून असते. अब्लेशनच्या उष्णतेची झळ अन्ननलिकेला पोहोचली, तर क्वचित काही आठवड्यांनी दोहोंमध्ये छिद्र पडते. ही गुंतागुंत अत्यंत दुर्मीळ असली तरी जिवावर बेतणारी आहे, आणि ती बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे रुग्ण आता सारे सुरळीत झाले असे मानू लागतो तेव्हा, दिसते. ताप, छातीत दुखणे, गिळताना त्रास, रक्ताची उलटी, किंवा अचानक बोलणे अडखळणे व हातापायातली शक्ती जाणे ही तिची लक्षणे होत. आपला ताप साधा असण्याचीच शक्यता अधिक आहे. तरीही आजच, जिथे अब्लेशन झाले त्या रुग्णालयाला कळवा. इतरत्र जावे लागले तर अब्लेशन कधी झाले हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण अशी शंका असताना छातीचा सीटी स्कॅन करतात. एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी) टाळतात, कारण तिच्यात भरलेली हवा त्या छिद्रातून रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते.

आता धडधडीकडे वळू. अब्लेशनमध्ये फुप्फुसांतून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरांच्या मुखाभोवती जो व्रण मुद्दाम केला जातो, तो भरून पक्का होईपर्यंत तेथील स्नायू सुजलेला व चिडलेला असतो, त्यामुळे जादा ठोके पडतात आणि मूळ अनियमितताही अधूनमधून परतते. म्हणूनच साधारण पहिल्या दोन ते तीन महिन्यांतील धडधडीवरून उपचार फसला असे डॉक्टर ठरवत नाहीत, मात्र तिची नोंद हवी : वेळ, कालावधी आणि जमल्यास त्याच वेळचा ईसीजी. नाडी वाढण्याचे कारण वेगळे असते; हृदयाचा वेग आवरणाऱ्या काही मज्जातंतूंनाही अब्लेशनचा चटका बसतो, आणि हा फरक काही महिने राहू शकतो. आपल्या बाबतीत तापानेही नाडी वाढलेली असू शकते.

गोळी स्वतःहून मुळीच थांबवू नका. ताज्या व्रणावर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका याच काळात असतो, आणि पुढे ती किती काळ घ्यायची हे धडधड थांबली की नाही यावर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा बाबींवर ठरते. जांघेतील काळेनिळे पिवळट होत ओसरत असेल तर हरकत नाही. गाठ वाढत असेल, ठणकत असेल किंवा तिथून रक्त येत असेल तर मात्र घट्ट दाबून धरून रुग्णालय गाठा. चक्कर येऊन शुद्ध हरपली, दम लागला किंवा विश्रांतीतही नाडी १२० च्या वर टिकून राहिली, तरीही सकाळपर्यंत थांबू नका.