मुलगी फोनवर रडते, तिला परत बोलवावे का?

“आमची मुलगी एका सत्राच्या विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमासाठी जर्मनीत ड्रेस्डेनला गेली आहे. सुरुवातीचे दिवस फोटोंचा नुसता पाऊस पडत होता. आता मात्र फोन केला की रडते, नीट जेवत नाही, खोलीबाहेर पडत नाही. घरी असताना ती अशी कधीच नव्हती. तिला नैराश्य आले आहे का? तिला परत बोलावून घ्यावे का?” नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका आईने समुपदेशक म्हणून मला विचारलेला हा प्रश्न आहे. पहिले सत्र सुरू होऊन महिनाभर झाला की या आशयाची विचारणा दरवर्षी होते. देश बदलतो, मुलीच्या जागी मुलगा असतो, मजकूर मात्र बहुधा हाच असतो. म्हणून त्या विद्यार्थिनीच्या संमतीने आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव मांडत आहे.

आईला मी दोन गोष्टी लगेच सांगितल्या. परत बोलावण्याचा निर्णय या आठवड्यात घेऊ नका, आणि “नाही जमत तर ये निघून” हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. आईवडील ते मायेपोटी म्हणतात, पण आधीच डळमळलेल्या मुलीला त्यातून “तुला जमणार नाही हे आम्हालाही पटले आहे” एवढेच ऐकू येते. त्यानंतर मी मुलीशीच बोलण्याची इच्छा व्यक्त केली, कारण आईच्या तोंडून ऐकलेले दुःख हे पुष्कळदा आईचे असते.

व्हिडिओ कॉलवर झालेल्या पहिल्या भेटीत मी आडवळण न घेता झोप, भूक, वर्गातील उपस्थिती आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांबद्दल विचारले. असे थेट विचारल्याने तसे विचार डोक्यात भरतात, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले याचा सुटकारा वाटतो. तिची झोप जागेवर होती, वर्ग ती सहसा चुकवत नव्हती, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आलेला नव्हता आणि एका प्राध्यापकांच्या लकबीची नक्कल करताना ती मनापासून हसलीही. हे चित्र नैराश्याच्या आजाराचे नव्हते. तेव्हा मी तिला म्हटले, “आता कालचा दिवस मला सकाळपासून रात्रीपर्यंत सांग, काही गाळू नकोस.”

त्या दिवसात खरी गोष्ट दडलेली होती. सकाळी तिने पाव आणि बिस्किटे खाल्ली होती, कारण भारतातून नेलेली रोकड संपत आली होती. रोकड संपत आली होती, कारण तिकडच्या बँकेचे कार्ड अजून हाती आले नव्हते आणि चालू खाते वापरात येत नाही तोवर ब्लॉक्ड अकाउंटमधील रक्कम त्यात उतरत नव्हती. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी निर्वाहाचे पैसे सहसा अशा खात्यात आधीच भरावे लागतात आणि तेथे पोहोचल्यावर ते सध्या महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने मिळतात. तिचे पैसे होते, पण कुलपात होते. आठवडाभर सर्दी-खोकला होता, तरी ती डॉक्टरांकडे गेली नव्हती, कारण आरोग्य विम्याचे कार्डही आले नव्हते. यातले काहीही तिने घरी सांगितले नव्हते. “बाबांनी कर्ज काढलंय, ताई. त्यांना कसं सांगू की पैसे अडकलेत?” असे म्हणून ती रडू लागली. आईला फोनवर रडणे दिसत होते. कार्डाविषयी एक अक्षरही कानावर पडले नव्हते.

मी विचारले, “पत्रपेटीवर तुझे नाव आहे का?” तिला प्रश्नच कळला नाही. ती फोन हातात धरून वसतिगृहाचे जिने उतरली आणि तिने कॅमेरा दाराजवळच्या पत्र्याच्या पेट्यांसमोर धरला. तिच्या सदनिकेत तिघी राहत होत्या आणि पेटीवरील पट्टीवर तीन आडनावे होती: दोन तिच्या सोबतिणींची आणि तिसरे आधीच्या सत्रात राहून गेलेल्या मुलीचे.

आपल्याकडे फ्लॅट नंबर असला की पत्र येते आणि नाहीच आले तर वॉचमन हाक मारतो. जर्मनीत बहुतेक इमारतींच्या पत्त्यात सदनिकेचा क्रमांक नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि पेटीवरचे आडनाव एवढ्यावर टपाल पोहोचते. नाव दिसले नाही की पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि त्या देशातील निम्मे आयुष्य अजूनही टपालाने चालते. बँकेचे कार्ड एका पाकिटातून येते, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटातून वेगळ्या दिवशी येतो. विम्याचे कार्ड, कर-क्रमांक, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची भेटीची वेळ हे सारे कागदावर येऊ शकते. तिने चौदा दिवसांच्या मुदतीत घरमालकाचा लेखी दाखला घेऊन पत्त्याची नोंदणी, म्हणजे तिकडची मुले जिला आनमेल्डुंग म्हणतात ती, वेळेवर केली होती. सगळे नियम पाळूनही काहीच मिळत नसल्यामुळे दोष आपल्यातच आहे, असे तिने धरून चालले होते. त्याच संध्याकाळी तिने कागदाची पट्टी कापून आडनाव लिहिले, चिकटपट्टीने पेटीवर लावले आणि दुसऱ्या दिवशी इमारतीच्या देखभालदाराला सांगून पक्की पाटी मागितली. बँकेला आणि विमा कंपनीला कार्डे पुन्हा पाठवण्याची विनंती ईमेलने गेली. तोवरच्या खर्चासाठी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला भेटण्यास आणि विम्याचा तात्पुरता दाखला मागून डॉक्टरांकडे जाण्यास मी तिला सांगितले.

मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९९० साली परदेशातील रुळण्याचे दोन पदर वेगळे केले: एक मनाच्या स्वास्थ्याचा, दुसरा नव्या समाजातील रोजचे व्यवहार निभावण्याचा. माझ्याकडे येणारे पालक जवळजवळ नेहमी पहिल्याबद्दल विचारतात आणि मुलांचे घोडे बहुतेक वेळा दुसऱ्यात अडलेले असते. नवलाई, मग घसरण आणि मग सावरणे असा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आलेख नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिस्गोर यांनी १९५५ मध्ये मांडला होता आणि तो अजूनही पालकांना धीर देण्यासाठी सांगितला जातो. पुढच्या अभ्यासांत तो सर्वांना लागू पडत नाही असे दिसले. “तीन महिन्यांत आपोआप बरे वाटेल” असे सांगून मुलांना वाट पाहायला लावणे म्हणूनच मला पटत नाही. पेटीवरचे नाव तीन महिन्यांनी आपोआप लागत नाही.

जेवणाचा प्रश्न मात्र तितका सरळ सुटला नाही. तिने पहिल्याच आठवड्यात पोह्यांची फोडणी केली, मोहरी तडतडली, मिरची जळली आणि छतावरील धूरसूचक यंत्र असे कोकलू लागले की मजल्यावरची मुले पायजम्यावर बाहेर आली. तेव्हापासून तिने शेगडीला हात लावला नव्हता. फोडणी सोडण्याची गरज नाही. खिडकी आधी उघडावी, स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे, धुराचा पंखा चालू करावा, आच मध्यम ठेवावी, आणि यंत्रावर पिशवी बांधण्याचा किंवा ते उतरवून ठेवण्याचा मित्रांचा सल्ला अजिबात ऐकू नये. नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही, त्यामुळे चुंबक चिकटेल अशा स्टीलच्या तळाचा कुकर किंवा तसेच साधे पातेले पुरते. दुपारचे एक जेवण विद्यार्थ्यांच्या भोजनालयात, मेन्सामध्ये, घेण्याची अट मी घातली. तेथे शाकाहारी पदार्थ मिळतात, पण माझा हेतू पोटापेक्षा सोबतीचा होता. ठरलेल्या वारी वर्गातील ठरलेल्या व्यक्तीबरोबर जेवायचे. जर्मन मुले सहज दार वाजवून येत नाहीत, वेळ ठरवून येतात. आपल्याला तो कोरडेपणा वाटतो, पण एकदा ठरले की ती वेळ ती सहसा मोडत नाहीत.

आईने तोवर पार्सल बांधायला घेतले होते: साजूक तूप, पेढे, कढीपत्ता आणि खोकल्याची औषधे. मी त्यांना थांबवले. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ प्रवाशांच्या सामानातून वा टपालाने पाठवण्यास मनाई आहे, ताज्या पानांना आणि बहुतेक फळांना वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते आणि जर्मनीत खासगी व्यक्तीला बाहेरून टपालाने औषधे पाठवता येत नाहीत. प्रवासात मात्र स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची औषधे नेता येतात. “मग तुपाचं काय?” या आईच्या काळजीवर उत्तर सोपे होते. तेथील दुकानांत बिनमिठाचे लोणी सर्वत्र मिळते, ते मंद आचेवर कढवले की उत्तम तूप होते. मुलीने आईला फोन करून ते कढवले. कित्येक दिवसांनंतर त्या दोघींमध्ये न रडता झालेले ते पहिले संभाषण होते.

फोनच्या वेळांबद्दल मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी अंतर साडेतीन तासांऐवजी साडेचार तासांचे होते. हे कुटुंब रात्रीची जेवणे आटोपून नऊ वाजता फोन करी, तेव्हा ड्रेस्डेनमध्ये साडेचार वाजलेले असत. नोव्हेंबरात तेथे त्याच सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात तर चारच्या आसपास. वर्ग संपून मुले खेळायला, ग्रंथालयात किंवा सामायिक स्वयंपाकघरात जमतात ती नेमकी वेळ ही मुलगी बंद खोलीत पडद्यावरच्या घरासमोर बसून काढत असे, आणि फोन ठेवल्यावर बाहेर अंधार नि आत शांतता. तिच्याकडून मैत्रीची संधी नकळत हिरावणारी माणसे तिच्यावर सर्वांत जास्त प्रेम करणारी होती. आम्ही ठरवले की रोज एखादा संदेश पुरे आणि मोठा फोन रविवारी सकाळी. जर्मनीत रविवारी जवळपास सगळी दुकाने बंद असतात, इमारतीत शांतता पाळावी लागते, काचेच्या बाटल्या टाकण्याचीही मुभा नसते. घरच्यांशी तासभर बोलायला याहून चांगला वार नाही. वडिलांना हे पचायला वेळ लागला. नाराज होऊन का होईना, त्यांनी ते पाळले.

खोलीत कोंडून घेण्याचा आणखी एक परिणाम भिंतीवर दिसत होता. थंडीच्या भीतीने खिडकी कायम बंद, आत दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि हीटर पाचावर. खिडकीच्या चौकटीखाली बुरशीचे काळे ठिपके आले होते. हीटरच्या खटक्यावरचा तीन हा आकडा साधारण वीस अंशांचा असतो आणि तेवढा पुरतो. दिवसातून दोनतीनदा हीटर बंद करून खिडकी पाचदहा मिनिटे सताड उघडायची आणि मग लावून घ्यायची, ही तिकडच्या घरांतील शिस्त आहे. ती न पाळल्यास निघताना अनामत रकमेतून पैसे कापले जाऊ शकतात.

बाकीच्या गोष्टी तिने भराभर मार्गी लावल्या. कोणता कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायचा हे सोबतिणींनी शिकवले. एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत म्हणून घेतलेले पंचवीस सेंट दुकानातल्या यंत्रात बाटली टाकून परत मिळतात हे तिला आधीच ठाऊक होते. आकाशवाणी-दूरचित्रवाणी शुल्काचे, महिना १८.३६ युरोचे, पत्र आले तेव्हा ती घाबरली, पण ते शुल्क घरामागे एकच असते आणि सदनिकेतील दुसरी मुलगी ते भरत होती. त्या मुलीचा शुल्क-क्रमांक कळवल्यावर विषय मिटला. डॉक्टरांनी सर्दीला प्रतिजैविके न देता विश्रांती आणि गरम चहा सांगितला, त्याचा आईलाच जास्त राग आला. रात्री-अपरात्री दुखले-खुपले तर ११६११७ आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२, हे क्रमांक तिने दाराच्या आत लिहून ठेवले. परीक्षेला बसण्यासाठी मात्र वेगळी नोंदणी ठरावीक मुदतीतच करावी लागते. नुसते वर्गात बसून नाव आपोआप लागत नाही आणि मुदत हुकली तर इकडच्या महाविद्यालयात श्रेयांक मिळणे अवघड होऊन बसते. ती तारीख मी तिला माझ्यासमोर दिनदर्शिकेत लिहायला लावली.

येथे पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक रडणाऱ्या मुलाचे दुःख पत्रपेटीपाशी सुटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडालेली असणे, अंघोळ व वर्ग सुटणे, आवडत्या गोष्टीतही रस न उरणे किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा यांपैकी काही असेल, तर व्यवहाराच्या सूचना बाजूला ठेवून तज्ज्ञांकडे जावे. जर्मनीत वसतिगृहे आणि मेन्सा चालवणाऱ्या विद्यार्थी सेवा संस्थांकडे बहुतेक ठिकाणी मानसिक समुपदेशनाचीही सोय असते आणि इंग्रजीत बोलता येईल का, हे विचारून वेळ घेता येते. अशा वेळी शिक्षण अर्धवट सोडून परत येणे हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो, त्यात नामुष्की नाही.

आमच्या या विद्यार्थिनीचे कार्ड पुढच्या काही दिवसांत हाती आले, पैसे सुरू झाले आणि वडिलांना तिने सर्व हकीकत स्वतः सांगितली. कर्ज काढल्याचे दडपण दोघांनाही होते हे तेव्हा प्रथमच बोलले गेले. डिसेंबरभर ती अधूनमधून उदास असे. दुपारी बारा ते दोनमध्ये, उजेड असताना, एल्ब नदीच्या काठाने चालून येण्याचा नेम तिने बर्फातही चालवला. मार्चअखेरीस परतताना तिने मला शेवटचा प्रश्न विचारला तो निघण्याच्या कागदांबद्दल होता. देश सोडताना पत्त्याची नोंदणी रद्द करून तिचा दाखला घ्यावा लागतो, विमा आणि मोबाइलचा करार संपवताना तो उपयोगी पडतो. बँकेचे खाते मात्र वसतिगृहाची अनामत रक्कम जमा होईपर्यंत बंद करू नये, कारण ती यायला कधीकधी काही महिने लागतात.