कोकणातल्या घराभोवती पक्षी, फुलपाखरं, प्राणी यावेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळ बारा गुंठ्यांत घर बांधून झालंय, आता कंपाउंड घालायचंय, आणि पक्षी-फुलपाखरं यावीत म्हणून नर्सरीतून कोणती झाडं आणावीत. झाडांचं सांगतोच, पण आधी एक विनंती आहे. जागा साफ करून घेऊ नका. घर झालं की जेसीबी फिरतो आणि जे आपणहून आलं असतं ते एका दिवसात जातं.

आमची वाडी दापोली तालुक्यात आहे. वडील गेले त्या वर्षी मी मुंबईत नोकरीला होतो. लांबून वाडी सांभाळायची म्हणून गड्यांकरवी सगळा पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेली वाळकी पानं, जाळून घेतला, गवतावर तणनाशक मारलं. त्या पावसाळ्यात नवरंग पक्षी आला नाही. मे संपता संपता परड्यातून त्याची शीळ सकाळ-संध्याकाळ ऐकू यायची आणि आई लाकडं आत घ्यायला लागायची, इतका तो ठरलेला. नवरंग जमिनीवर उड्या मारत पातेरा उलथतो आणि खालची गांडुळं, किडे खातो. पातेराच नसेल तर तो उतरणार कशावर? दुसऱ्या वर्षापासून जाळणं बंद केलं. शीळ पुन्हा ऐकू आली ती तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर.

तेव्हा आंबा-फणसाची पानं गोळा करा, पण माड-पोफळीच्या आळ्यांत घाला. वैशाखात ओल टिकते, शिंपणंही कमी लागतं. उरलेल्या पानांचा ढीग विहिरीकडच्या ओलसर सावलीत करा. वाळक्या गवताच्या कडेला करू नका, वणव्याची भीती असते. काजव्यांच्या अळ्या अशाच ओल्या जागी गोगलगायी खाऊन वाढतात. काजवे दिसतात मे-जूनमध्ये थोडे दिवस, पण त्यांचं बाकीचं सगळं आयुष्य जमिनीलगत गेलेलं असतं.

आता साप. येणारच, आणि हे तुम्हाला कोणी आधी सांगितलं नसेल तर मी सांगतो, कारण आपल्या जांभ्याच्या कातळात फुरसं असतंच. जुन्या घरांची मांडणी यासाठीच चांगली आहे: घरालगत झाडून-सारवून लख्ख अंगण, मागे परडं, त्याच्याही पलीकडे दाट वाडी. ढीग, सरपण, दगडांची रास, सगळं अंगणापासून लांब. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, पातेऱ्यात किंवा दगडाखाली उघडा हात घालायचा नाही. चावलाच तर कुठल्याही उताऱ्याच्या मागे न लागता सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. धामण मात्र दिसली तर तिला जाऊ द्या. उंदीर ती भरपूर मारते.

कंपाउंडचं ऐका. चिऱ्यांची सिमेंट भरलेली भिंत घालू नका, शक्य असेल तर नुसते दगड रचून गडगा घाला. सुक्या दगडांच्या फटींत सरडे, सापसुरळ्या, बेडूक राहतात आणि पावसाचं पाणीही अडत नाही. भिंतच हवी असेल तर तळाशी वीतभर रुंदीची भोकं ठेवा, मुंगूस त्यातून ये-जा करतं.

झाडं. लिंबू आणि कढीपत्ता लावाच, आणि पानं खाल्लेली दिसली की फवारणी करू नका. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते ती अळी फुलपाखराची असते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालते. कुंपणाला पांगारा टोचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला फांदी खोचली की जगते, त्यावर मिरी चढवता येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फुलला की मैना, बुलबुल, कोतवाल सगळे गोळा होतात. उंडी, रातांबा, करवंद, तामण हे आपलेच आहेत. उंबर घरापासून लांब लावा, मुळं पाया फोडतात. उंबराला हरियाल येतो, धनेशही येतो. आमच्याकडे काही जण त्याला गरुडच म्हणतात. पण त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. मादी त्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. अशी ढोली नर्सरीत मिळत नाही. जागेत जुना पोकळ आंबा असेल, आणि घरावर पडायचा धोका नसेल, तर तो तोडू नका. रानमोडी हे बाहेरून आलेलं तण मात्र उपटून काढा, जंगली दिसते म्हणून ठेवायची नाही.

पाण्यासाठी उथळ दगडी डोण पुरे. मध्ये एक दगड ठेवा म्हणजे पडलेली खार बाहेर येते. एक दिवसाआड पाणी बदला, डास होणार नाहीत. विहिरीला कठडा नसेल तर पहिला खर्च त्यावर करा. बिबटे विहिरीत पडल्याच्या बातम्या आपल्याकडे दर वर्षी येतात. माकडांना खायला घालू नका. एकदा चटक लागली की शेजाऱ्याचीही बाग जाते.

एक राहिलं, दिवे. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडावरूनच शोधतात, हॅलोजन लावला की ते हरवतात. आणि तुम्ही गुहागरला आहात. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. घर किनाऱ्यालगत असेल तर समुद्राकडच्या बाजूला रात्रभर दिवा नको, निदान फेब्रुवारी ते मे तरी.

साफ न करायचा कोपरा कोणता ते गड्याला उभं करून दाखवून ठेवा. नाहीतर तुम्ही चार दिवस गावाला गेलात की तुमचं राहून गेलं असं समजून तो मनापासून तोच कोपरा झाडून काढेल.