जांग-गम : खरी किती, रचलेली किती?

प्रश्न : ‘दे जांग-गम’ ही कोरियन मालिका पाहून संपवली. राजाच्या मुदपाकखान्यात वाढलेली एक अनाथ मुलगी कटकारस्थानांतून तावून-सुलाखून निघते आणि पुढे खुद्द राजाची वैद्य होते, ही कथा सत्य घटनांवर आधारलेली असल्याचे सांगितले जाते. यातले इतिहासाला धरून नेमके किती आहे?

उत्तर : जांग-गम नावाची स्त्री-वैद्य खरोखर होऊन गेली, आणि जोसन घराण्यातील राजा जुंगजोंग (कारकीर्द १५०६–१५४४) याने तिच्यावर विश्वास टाकला होता, एवढे निःसंशय म्हणता येते. त्यापलीकडचे, म्हणजे तिचे आईवडील, तिचे बालपण, तिला घडवणारी हान आणि छळणारी चोई, तिच्यावर जीव टाकणारा मिन जोंग-हो, हे सारे मालिकेची लेखिका आणि दिग्दर्शक ली ब्यंग-हून या दोघांच्या कल्पनेतून आलेले आहे. २००३-०४ मध्ये प्रसारित झालेल्या या मालिकेचे ५४ भाग ज्या पायावर उभे आहेत, तो पाया म्हणजे राजवृत्तांतातील जेमतेम दहाएक त्रोटक नोंदी.

हा राजवृत्तांत, ज्याला कोरियात ‘सिल्लोक’ म्हणतात, साधारण दरबारी स्तुतिग्रंथासारखा नाही. दरबारातील लेखनिक रोजच्या घडामोडी टिपून ठेवत, त्यांची टिपणे पाहण्याची राजालाही मुभा नसे, आणि राजाच्या निधनानंतरच त्या कारकिर्दीचा वृत्तांत सिद्ध केला जाई. १४०४ मध्ये राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला, तेव्हा ‘हे लेखनिकाला कळू देऊ नका’ असे तो म्हणाला. लेखनिकाने पडल्याची नोंद तर केलीच, शिवाय हे वाक्यही नोंदवून ठेवले. अशा कागदपत्रांत एका कनिष्ठ दर्जाच्या स्त्रीचे नाव वारंवार यावे, याचे मोल म्हणूनच मोठे आहे.

पहिली नोंद १५१५ ची असून ती काही गौरवाची नाही. राणी जांगग्योंग हिने पुत्राला जन्म दिला आणि काही दिवसांतच तिचे निधन झाले. बाळंतपणात सेवेला असलेल्या जांग-गमला शिक्षा करावी, असा दरबाऱ्यांनी आग्रह धरला. परंतु प्रसूती सुखरूप पार पाडल्याबद्दल खरे तर ती बक्षिसाला पात्र होती, असे सांगून राजाने फटक्यांच्या शिक्षेऐवजी दंडावर भागवले. १५२२ मध्ये राजमाता आजारातून उठल्या, तेव्हा तिला तांदूळ आणि कडधान्य बक्षीस मिळाले. १५२४ मध्ये इतर स्त्री-वैद्यांपेक्षा ती सरस असल्याचे नमूद करून राजाने तिला पूर्ण वेतन सुरू केले. १५४४ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, प्रकृतीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना राजाने ‘माझा आजार त्या वैद्य स्त्रीला ठाऊक आहे’ असे उत्तर दिले. हा आजार कोणता, तर मुख्यतः बद्धकोष्ठाचा. मालिकेने तेथे दाखवलेली राजाची तिच्याविषयीची हुरहूर मूळ नोंदीत शोधूनही सापडत नाही. त्या काळात पुरुष वैद्यही राजावर उपचार करत होतेच, त्यामुळे सर्वांना डावलून ती एकटीच राजवैद्य झाली, हे चित्र अतिरंजित आहे. राजाच्या निधनानंतर तिचे नाव वृत्तांतातून नाहीसे होते. मालिकेच्या अखेरीस ती पोट चिरून प्रसूती करते, त्याला कसलाही आधार नाही.

माझ्या मते मालिकेने सर्वांत मोठी सवलत घेतली ती तिच्या दर्जाबाबत. परपुरुषाने नाडी पाहण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या घरंदाज स्त्रियांसाठी १४०६ मध्ये स्त्री-वैद्यांचे शिक्षण सुरू झाले, आणि त्यासाठी सरकारी दासींच्या मुली निवडण्यात आल्या. म्हणजे हे काम समाजातील तळाच्या थराकडे होते. जुलमी म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या योनसान-गुन राजाने तर या स्त्रियांना मेजवान्यांत करमणुकीसाठीही उभे केले. मुदपाकखान्यातील दासी पुढे वैद्य झाली, असा पुरावा नाही. जुंगजोंग राजाही मालिकेत दिसतो तितका मवाळ नव्हता, कारण ज्या सुधारणावादी जो ग्वांग-जो याला त्याने स्वतः वर आणले, त्यालाच १५१९ मध्ये पदच्युत करून हद्दपार केले आणि नंतर विष घेण्याची आज्ञा दिली.

प्रश्न : मालिकेतील राजेशाही पदार्थ तरी खरे मानावेत का?

उत्तर : पदार्थ खरे, पण काळ वेगळा. मालिकेतील पाककृतींमागे जोसन दरबाराच्या अखेरच्या पिढीतील स्वयंपाकिणींकडून जपलेली परंपरा आहे, आणि दक्षिण कोरियाने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यताही दिली आहे. मात्र ही परंपरा जांग-गमच्या कितीतरी नंतरची आहे. तिच्या हयातीत कोरियात मिरची पोहोचलेली नव्हती; ती सोळाव्या शतकाच्या शेवटी, १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या आसपास आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यामुळे त्या काळावरील कोणत्याही मालिकेत लालभडक किमची (आंबवलेल्या भाज्यांचे कोरियन लोणचे) दिसली, तर ती नंतरची समजावी. आणखी एक विसंगती म्हणजे दरबारातील मोठ्या मेजवान्यांचा स्वयंपाक प्रामुख्याने पुरुष आचारी करत, तर पडद्यावर चुलीपाशी सगळ्या स्त्रियाच दिसतात. कथेला स्त्रियांमधील स्पर्धा हवी होती, तेव्हा हा बदल मला तरी समजण्याजोगा वाटतो.

प्रश्न : इतिहासात असा फेरफार कोरियातील प्रेक्षक चालवून घेतात का?

उत्तर : जेथे कागदपत्रे मूक आहेत तेथे बहुधा घेतात, आणि जांग-गमच्या बाबतीत लेखिकेला मोकळीक मिळाली ती त्यामुळेच. ज्ञात व्यक्तींना हात लावला की प्रकरण तापते. मार्च २०२१ मध्ये ‘जोसन एक्झॉर्सिस्ट’ ही मालिका अवघ्या दोन भागांनंतर बंद करावी लागली. जोसन काळात चिनी धाटणीचे पदार्थ व सजावट दाखवल्याबद्दल आणि तेजोंग राजाच्या चित्रणाबद्दल लोक संतापले, आणि प्रायोजकांनी माघार घेतली. त्याआधी काही महिने एका विनोदी मालिकेतील पात्राने राजवृत्तांताला गल्लाभरू चोपडे ठरवणारा संवाद म्हटला होता, तेव्हा निर्मात्यांना माफी मागून तो काढून टाकावा लागला.