आजोबांचा वस्तरा धारवाल्याकडे देऊ का?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत घडीचा वस्तरा सापडला. पात्याच्या मुळाशी 'सोलिंगेन' असं कोरलंय, पण तांबेरा चढलाय. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून धार लावून घेतली तर दाढीला वापरता येईल का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : हात जोडून सांगतो, धारवाल्याच्या चाकाला हा वस्तरा लावू नका. विळी, सुरी, कात्री त्याच्याकडे खुशाल द्या. सोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांसाठी नावाजलेलं शहर. अशा वस्तऱ्याचं पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासून धारेपाशी अगदी पातळ केलेलं असतं. कोरड्या चाकावर ते क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

आधी उजेडात नीट बघा. तांबेरा पात्याच्या अंगावर असेल तर तेल आणि बारीक पॉलिश पेपरने हळूहळू निघेल. धारेलाच खड्डे किंवा भेग असेल तर दाढीचा विचार सोडा, आठवण म्हणून जपा.

धार शाबूत असेल तर सपाट, बारीक कणांचा दगड घ्या आणि तो ओला ठेवा. पातं आडवं टेकवायचं, पाठ आणि धार एकाच वेळी. पाठीच्या जाडीनेच कोन ठरतो, म्हणून पाठ उचलायची नाही. दगडावर धार पुढे चालते. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, धार मागे. पट्ट्याच्या टोकाशी पातं पाठीवरून उलटवा, नाहीतर पट्टा कापला जातो. माझ्या वडिलांचं साताऱ्यात सलून होतं. पट्टा खुर्चीच्या दांडीला अडकवलेला असे, आणि पातं फिरताना होणाऱ्या आवाजावरून ते सांगत, झाली की नाही.

सुरुवातीला फक्त गाल करा. गरम पाण्याने केस मऊ होऊ द्या, कातडी ताणून धरा, पातं साधारण 30 अंशांवर. हनुवटी आणि गळा हात बसल्यावरच.

वस्तरा एकट्याचाच ठेवा, मुलालाही देऊ नका. हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो. सलूनमध्ये आता दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावतात ते त्यासाठीच.

मूठ शिंगाची किंवा सेल्युलॉइडची असेल तर उकळत्या पाण्यात बुडवू नका. दाढी झाल्यावर पातं आणि खिळ्याजवळची फट कोरडी करा, आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरवल्याशिवाय वस्तरा मिटू नका.